बॅकअपला आवरा, बिलं निघू द्या

कोल्हापूरकडच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडती, उद्यमनगरातली वर्कशॉपं, अशा ठिकाणचे छोटे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. महिनाअखेरीला फोन ठरलेला: "दादा, बिल निघंना झालंय, मशीन बदलूया काय?" मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं. बॅकअप लवकर आटपावा म्हणून कुणीतरी त्याला नाइस उणे २० देऊन ठेवलेलं असतं (नाइस म्हणजे प्रोग्रामचा प्राधान्याचा आकडा, उणे २० ते १९; जितका कमी, तितका मान जास्त), आणि तो नेमका कामाच्या वेळेत सुरू होतो.

आधी सीपीयू खातंय कोण ते बघा. टॉप ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड उघडा. साध्या प्रोग्रामचा पीआर, म्हणजे प्राधान्याचा रकाना, ० ते ३९ मध्ये असतो. तिथं उणे आकडा किंवा आरटी दिसला, की तो प्रोग्राम रिअल टाइम वर्गात, म्हणजे साध्या सगळ्या प्रोग्रामांच्या पुढच्या रांगेत, बसलाय. मायग्रेशन नावाचे कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, थ्रेड तिथं दिसणारच, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुमचं बॅकअप स्क्रिप्ट किंवा अँटिव्हायरस तिथं दिसला, तर मात्र चोर सापडला.

नाइसचं गणित लक्षात ठेवा. नाइस शून्यचं, म्हणजे साध्या बिलिंग प्रोग्रामचं, वजन १०२४, उणे २०चं ८८७६१; सीपीयूचा वेळ या वजनांच्या प्रमाणात वाटला जातो. एकाच कोअरवर दोघं भिडले तर बिलाच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. बॅकअपचं कॉम्प्रेशन सगळे कोअर धरून बसलं, की काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळलंच. त्यामुळं बॅकअपला नाइस १० किंवा १९ द्या. तो रिअल टाइममध्ये असेल तर आधी वर्ग बदलणारी सीएचआरटी कमांड वापरून साध्या वर्गात आणा.

एवढं करूनही बऱ्याचदा काही फरक पडत नाही, आणि लोक इथंच वैतागतात. लिनक्सवरच्या सर्व्हिसा चालवणारं सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला वेगळ्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोग्रामांच्या गटात, ठेवतं. सीपीयूची वाटणी बहुधा आधी ग्रुपाग्रुपांत होते, नाइस चालतं ते ग्रुपच्या आत. म्हणजे बॅकअप एका सर्व्हिसमध्ये आणि बिलिंग दुसऱ्या सर्व्हिसमध्ये असेल, तर नुसतं नाइस बदलून सहसा हाती काही लागत नाही. बॅकअपच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टिमडीची त्या सर्व्हिसची सेटिंग फाइल) सीपीयूवेट, म्हणजे ग्रुपचं वजन, २० लिहा. न लिहिता ते १०० धरलं जातं.

सीपीयूकोटा, म्हणजे सीपीयू वापरावर पक्की मर्यादा, लावायचा मोह होईल. माझं मत वेटच्या बाजूनं. मिसळीच्या दुकानात टेबलं रिकामी असताना पार्सलं कितीही बांधावीत, गिऱ्हाईक बसलं की आधी त्याची प्लेट. वेट तसंच चालतं. कोटा मात्र रात्री मशीन मोकळं असतानाही बॅकअपचा हात धरून ठेवतो.

मग डिस्क. आयोनाइस म्हणजे डिस्कसाठीचं नाइस; त्याचा आयडल वर्ग चांगला, पण डिस्कचा शेड्युलर (डिस्कची कामं रांगेत लावणारा) बीएफक्यूसारखा, प्राधान्य पाळणारा असेल तर. एनव्हीएमई डिस्कवर बहुधा 'नन', म्हणजे शेड्युलरच नाही, असं असतं, तिथं आयोनाइस लावा नाहीतर लावू नका, सारखंच. अशा वेळी फायली कॉपी करणाऱ्या आरसिंकला बँडविड्थची मर्यादा घालावी.

बिलांचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर आणखी एक गोम आहे. त्याचा बॅकअप काढणाऱ्या पीजी-डंपला नाइस लावलं तरी टेबल वाचण्याचं काम सर्व्हरची वेगळी प्रोसेस करते, तिला ते लागू होत नाही. शिवाय डंप संपेपर्यंत टेबलांवर त्याचं हलकं लॉक असतं. बिलं त्यानं अडत नाहीत. पण त्याच वेळी कुणी टेबलात नवा कॉलम घालायला गेलं, तर तो आदेश डंपसाठी थांबतो आणि मागून येणारी बिलं त्या आदेशासाठी थांबतात. म्हणून बॅकअपला इतकंही मागं ढकलू नका की तो दुपारपर्यंत रेंगाळेल.

सगळं लावून झालं की दुपारी मुद्दाम बॅकअप चालवा आणि त्याच वेळी बिलं काढून बघा. प्रॉक फोल्डरातल्या प्रेशरमध्ये सीपीयू नावाची फाइल आहे, कर्नल ४.२० पासून. तिच्यात गेल्या १० सेकंदांत कामं किती टक्के वेळ सीपीयूसाठी खोळंबली ते कळतं. आयओचीही तशीच फाइल शेजारी आहे.

भट्टीचं तापमान वाचणाऱ्या प्रोग्रामला रिअल टाइम खरंच लागत असेल तर द्या. फक्त त्याच्या युनिटमध्ये लिमिटआरटीटाइम घाला, म्हणजे तो न थांबता फिरत राहिला तर कर्नल त्याला आवरेल. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत रिअल टाइम कामांना सेकंदातले ०.९५ सेकंदच मिळतात, उरलेला वेळ बाकीच्यांसाठी राखलेला असतो. वेग वाढतो म्हणून ती मर्यादा उणे १ करून काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजा आणि सेटिंग आहे तशी राहू द्या.