परदेशात गरिबी समोर आली तर कसं वागावं

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरलं आणि आम्ही आठ दिवस शाळेच्या वर्गात काढले. मदत घेऊन आलेल्या एकाने बिस्किटांचा पुडा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. फोटो नीट येईपर्यंत पुडा दोघांच्या हातात. भूक लागली होती, तरी ते बिस्कीट घशाखाली उतरलं नाही. म्हणून 2023 च्या फेब्रुवारीत कंबोडियाला निघताना मी स्वतःला काही गोष्टी बजावल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर त्या सांगते.

जाण्याआधी तिथला इतिहास थोडा वाचा. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत लाखो माणसं उपासमारीने, आजाराने आणि कत्तलीत गेली. पुढची कितीतरी वर्षं जमिनीतले सुरुंग फुटत राहिले. अंगकोरच्या देवळांच्या वाटेवर पाय गमावलेली माणसं वाद्यं घेऊन बसलेली दिसतात. ती भीक मागत नाहीत, वाजवून कमावतात. चालता चालता नोट टाकू नका. थांबा, एक चाल पूर्ण ऐका, मग पैसे ठेवा. त्यासाठी तिथल्या चलनातले सुटे रिएल जवळ हवेत. एका डॉलरला साधारण 4000 रिएल मिळतात. फाटके किंवा डाग पडलेले डॉलर तिथे कुणी घेत नाही, घरातून निघतानाच नोटा बघून घ्या.

आपला नमस्कार तिथे चालतो, तसेच हात जोडतात. ‘ऑर्कुन’ म्हणजे धन्यवाद, एवढा शब्द पाठ करा. पण लहान मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवायची आपली सवय आवरा. तिथे डोकं पवित्र मानतात, परक्याने हात लावलेला आवडत नाही. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

सगळ्यात अवघड जातं ते मुलांपुढे. सात-आठ वर्षांची पोरगी पोस्टकार्डं घेऊन मागे मागे येते, आकडे इंग्रजीत मोजून दाखवते. घेऊ नका. तिची विक्री चांगली झाली की तिला शाळेत कोण पाठवणार? तीच वस्तू शेजारच्या मोठ्या बाईकडून घ्या, आणि दोन पैशांसाठी फार घासाघीस करू नका. अनाथाश्रम दाखवायला नेतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील हयात असतात, पर्यटक येतात म्हणून मुलं ठेवून घेतली जातात. तलावावर फिरवणाऱ्या आमच्या नाववाल्यानेही शाळेसाठी तांदळाचं पोतं घ्या म्हणून एका दुकानाशी नाव लावली. भाव बाजारापेक्षा कितीतरी जास्त. आम्ही घेतलं नाही. द्यायचंच असेल तर अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात कांथा बोफा हे मुलांवर मोफत उपचार करणारं रुग्णालय आहे. अंगकोरच्या 37 डॉलरच्या एका दिवसाच्या तिकिटातले 2 डॉलरही तिकडेच जातात.

आणि जे वेगळं दिसतं ते सगळं गरिबी समजू नका. तोनले साप तलावाकाठी काम्पोंग फ्लुक गावातली घरं दुमजली उंचीच्या खांबांवर उभी आहेत. आमच्यातलं कुणीतरी “बिचारे” म्हणालं. पण पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी उलटं तलावात शिरतं, तलाव चार-पाच पट पसरतो, आणि ही घरं त्या पाण्यासाठीच बांधलेली असतात. माझ्या घरात पाणी आलं तेव्हा मी कपाटातली कागदपत्रंसुद्धा वाचवू शकले नव्हते. मला त्या खांबांचा हेवा वाटला.

फोटो काढायचा असेल तर आधी मोबाईल दाखवून खुणेने विचारा, आणि ‘हो’ची वाट बघा. त्या गावात एक आजी रस्त्यावर चटई टाकून कोळंबी वाळत घालत होती. मी विचारलं तेव्हा तिने हात पुसले, केस सारखे केले, अंगावरचा क्रामा नीट केला. क्रामा म्हणजे चौकड्यांचा पंचाच. मग बसली. फोटो तिला दाखवला, तर मान हलवली आणि दुसरा काढायला लावला. निघताना तिने ओंजळभर सुकट कागदात बांधून दिली आणि पैसे काही घेतले नाहीत. माझ्या पिशवीत कोल्हापूरच्या गुळाची छोटी ढेप होती, ती मी तिच्यापुढे धरली. तिने एक खडा मोडून चाखला, शिडी चढून घरात गेली आणि ताडाच्या पानात बांधलेला त्यांचा ताडगूळ घेऊन खाली आली.