अपत्य नसलेल्या नातेवाइकाचा वारसा : या चुका टाळा

काका किंवा मावशी मृत्युपत्र न करता आणि मागे अपत्य न ठेवता गेल्यास घरात बहुधा पहिला वाद ‘शेवटपर्यंत कोणी सांभाळले’ यावर होतो. ही भावना स्वाभाविक असली, तरी हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू असलेला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम वारस ठरवताना सेवा विचारात घेत नाही, आणि तिच्या भरवशावर केलेला दावा टिकत नाही.

पुरुष वारल्यास सर्व काही पत्नीचे, असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. त्याची आई हयात असेल, तर पत्नी आणि आई या दोघी पहिल्या वर्गातील वारस म्हणून समान वाटा घेतात. वडिलांचे स्थान मात्र दुसऱ्या वर्गात आहे, म्हणजे पहिल्या वर्गातील कोणीही हयात असताना त्यांना वाटा मिळत नाही. पुढे आईही मृत्युपत्राविना गेली, तर तिचा वाटा तिच्या इतर मुलामुलींकडे जातो आणि विधवेला स्वतःच्याच घरात दीर-नणंदा सहहिस्सेदार म्हणून लाभतात. पत्नी, आई व वडील यांपैकी कोणीच नसल्यास भाऊ-बहिणींना सारखा वाटा मिळतो. आधीच वारलेल्या भावाच्या मुलांनी येथे आपल्या वडिलांचा वाटा मागू नये, कारण एकही भाऊ किंवा बहीण हयात असेपर्यंत पुतणे आणि भाचे यांची पाळी येत नाही.

स्त्रीच्या बाबतीत कायद्याची वाट वेगळी आहे, आणि सर्वाधिक धक्के येथेच बसतात. अपत्य नसलेल्या विवाहितेची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम पतीला आणि पती नसल्यास पतीच्या वारसांना मिळते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर येतो. विवाहानंतर लवकरच विधवा झालेली, माहेरी परतून शिकलेली आणि नोकरी केलेली एक स्त्री वारल्यावर तिची शिल्लक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तिच्या आईला न देता पतीच्या बहिणीच्या मुलांना दिली. न्यायालयाने कायद्याची भाषा पाळली, तरी ही तरतूद अन्यायकारक आहे, असे मला ठामपणे वाटते.

याला अपवाद कलम १५(२) चा आहे. आई किंवा वडिलांकडून वारसाहक्काने आलेली मालमत्ता, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते आणि त्यात पतीलाही वाटा नसतो. पती किंवा सासऱ्यांकडून आलेली मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाते. मात्र वडिलांनी तीच जमीन बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने दिली असेल, तर ती ‘वारसाहक्काने आलेली’ ठरत नाही व माहेरचा दावा कोसळतो. म्हणून वाद घालण्यापूर्वी मूळ दस्त वाचावा.

बँकेतील नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नोंदीतून नाव सुटले म्हणून हक्कही बुडत नाही. तरीही वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यावा.

वारसांना काकांची सेवा करणाऱ्या पुतण्यालाच घर द्यायचे असेल, तर ते खुशाल द्यावे, परंतु त्यासाठी हक्कसोडपत्र करू नये. ते सहहिस्सेदाराच्या लाभात करायचे असते आणि भाऊ-बहिणी हयात असताना पुतण्या सहहिस्सेदारच नसतो. त्याच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे लागते. काका हयात असतील आणि त्यांचीही तशीच इच्छा असेल, तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र पुरते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण साक्षीदार वयाने तरुण आणि लाभार्थी नसलेले निवडावेत, कारण पुढे मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ आल्यास त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात साक्ष द्यावी लागते.