स्पितीला गाडी न्यायची तर

साताऱ्याहून हिमाचलमधल्या स्पितीला निघालात, तर जाताना शिमला–किन्नौरची वाट धरा. ती हळूहळू चढते. आम्ही कल्पाला दोन, नाकोला एक मुक्काम केला. तरी साडेतीन हजार मीटरच्या वर, स्पितीतल्या काझा गावात, पहिल्याच रात्री हिचं डोकं फुटायला आलं. दुसरा दिवस ती नुसती पडून होती, घोटघोट गरम पाणी पीत. असा एक रिकामा दिवस आधीच धरून ठेवा. त्रास वाढला तर हट्ट न करता खाली उतरा. मनालीकडून गेलात तर ४,५०० मीटरची कुंझुम खिंड लगेच अंगावर येते, आणि हिवाळ्यात ती बंदच असते.

किन्नौरमधल्या रेकाँग पिओ गावाजवळ टाकी काठोकाठ भरा. रोख पैसे हवेतच. डिक्कीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवा. दरड कोसळून रस्ता अडला तेव्हा आमचं जेवण तेच झालं.