कोपऱ्यातला १/र : आधी चल बदला, मग गॉस लावा

पुण्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बाउंडरी एलिमेंटचा (समीकरणं फक्त सीमेवर सोडवणाऱ्या पद्धतीचा) कोड लिहीत असाल, तर १/र, म्हणजे १/√(क्ष²+य²), याचं एकक चौरसावरचं इंटिग्रल हमखास भेटेल; र म्हणजे मूळबिंदूपासूनचं अंतर. मूळबिंदूशी फलन अनंत होतं; नुसते गॉसचे बिंदू (इंटिग्रलसाठी फलन जिथे मोजायचं ते ठरावीक बिंदू) वाढवत बसलात तर अचूकता फार हळू सुधारते.

चौरस कर्णावर कापा. खालच्या त्रिकोणात (य ≤ क्ष) क्ष = प, य = प·त ठेवा; प आणि त दोन्ही ० ते १. जेकोबियन (चल बदलल्यावर क्षेत्रफळाला लागणारा गुणक) प येतो, तो छेदातल्या प ला खातो आणि उरतं फक्त १/√(१+त²). डफीने १९८२ मध्ये मांडलेली हीच युक्ती. त च्या दिशेने ८ गॉस बिंदू घ्या, प ला एक पुरतो. वरचा त्रिकोणही तेवढाच, म्हणून उत्तर दुप्पट केलं की १.७६२७४७, म्हणजे २ लॉग(१+√२) (नैसर्गिक लॉग).

प ची काटछाट कागदावरच करा, कोडवर सोडू नका! टोकाचे बिंदू घेणाऱ्या नियमात प = ० ला ०/० होऊन सगळी बेरीज नॅन (NaN, 'संख्याच नाही') होते.

छेदातल्या र चा घात १ ऐवजी ३/२ असेल तर प^(−१/२) उरतो; तिथे प = स² ठेवा, तोही जातो. विलक्षण बिंदू (जिथे फलन अनंत होतं तो) चौरसाच्या आत असेल तर तो शिरोबिंदू होईल असे त्रिकोण पाडा. त्रिकोण फार चिंचोळे निघाले तर त चे बिंदू वाढवावेच लागतात.