पीडित बाईसोबत ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाताय? मग या चुका टाळा

सुरुवातीलाच सांगते, खाली ज्या चुका लिहिल्यात त्या मारहाण किंवा अत्याचार सोसून आलेल्या बाईच्या नाहीत. तिने काय केलं, किती वर्षं गप्प राहिली, परत का गेली यावर मला एक ओळही लिहायची नाही. या चुका आपल्या आहेत, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्यांच्या. भाऊ, मैत्रीण, शेजारीण, गटाची ताई, नवीन कार्यकर्ता, कोणीही. मी बरीच वर्षं हे सोबत जाण्याचं काम करतेय आणि त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता लिहूनच काढते.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे एनसीला, म्हणजे पोलिसांनी केलेल्या अदखलपात्र नोंदीला, केस समजणं.

एक बाई आली होती आमच्याकडे, पस्तिशीची. पिशवीतून तिने प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या चार चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकीची चौपदरी घडी, घडीवर कागद विरत आलेला. म्हणाली, "ताई, चार केसी केल्यात मी त्याच्यावर, सहा वर्षांत. पण कोर्टातून काही येतच नाही." चारही एनसी होत्या. अदखलपात्र. सहा वर्षं ही बाई कोर्टाच्या कागदाची वाट बघत होती आणि कोर्टात काही गेलेलंच नव्हतं. एनसीमध्ये मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, ते तक्रारदाराला कोर्टात जायला सांगतात आणि विषय तिथेच थांबतो. हे तिला कोणी सांगितलं नाही. चारही वेळा तिच्यासोबत कोणी ना कोणी होतं, दोनदा तर सख्खा भाऊ, आणि सगळे "तक्रार झाली" म्हणून समाधानाने घरी गेले.

चिठ्ठ्या उलगडून वाचल्या तर तिसऱ्या वेळी कानाचा पडदा फाटला होता तिचा, आणि कागदावर होतं "घरगुती कारणावरून शिवीगाळ व हाताने मारहाण". बस एवढंच. दवाखान्याचा केस पेपर मागवला तर त्यावर "घरात पाय घसरून पडल्याने". का, तर तपासताना सासू शेजारी उभी होती. आता हा कागद समोरच्या वकिलाच्या हातात गेला की तो काय करणार हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी सवय सांगते. ठाण्यात कागद हातात आला की मी आधी वरचा मथळा वाचते. एफआयआर असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात आणि त्याची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावीच लागते. एनसी असेल तर तिथेच विचारते, साहेब हे दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असं) का नाही? नवरा आणि सासरच्यांकडून होणारा छळ, जो आधी ४९८अ होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. बाईने स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या नात्यातल्या माणसाने तक्रार दिली तर तो दखलपात्र आहे, म्हणजे भाऊ पण देऊ शकतो तक्रार. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नवरा-बायकोच्या वादात आधी प्राथमिक चौकशी करायला त्याच निकालात वाव ठेवलाय, तेव्हा ठाण्यातून समुपदेशनाला पाठवलं तर लगेच भांडायला उठू नका, पण लेखी अर्ज देऊन त्याची पोच, तारीख आणि शिक्क्यासकट, घेतल्याशिवाय उठूही नका. नोंदवलाच नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तांना पाठवायचा, आणि तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरणं हीसुद्धा चूकच. शून्य नंबरने, म्हणजे नंतर हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवला जाईल असा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

आणि त्या चार एनसी वाया गेल्या का? नाही. आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडून (घरगुती हिंसाचाराच्या कामासाठी नेमलेले अधिकारी) घरगुती घटना अहवाल भरून घेतला, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कलम १२ चा अर्ज टाकला आणि चारही चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने जोडल्या. सहा वर्षं सतत चाललंय हे दाखवायला त्याच उपयोगी पडल्या. पडून कान फुटला या कागदाला ती ज्या आठवड्यात एनसी करायला गेली होती त्या तारखेनेच उत्तर दिलं. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मिळाला. त्यामुळे जुनी एनसी कोणी फेकून द्यायला सांगत असेल तर ऐकू नका.

दुसरी चूक माझ्या जास्त जिवाला लागलेली आहे, आणि ती नवीन, उत्साही लोक हमखास करतात. तक्रार "जड" करणं.

एक तरुण मुलगा होता, नुकताच कामाला लागलेला, मनाने अगदी चांगला. बाई सकाळी आली आणि दुपारी बारापर्यंत याने अर्ज टाइप करून आणला सुद्धा. तिचं ऐकलं असेल अर्धा तास. नवरा संशय घ्यायचा, पगार काढून घ्यायचा, गळा दाबायचा, हे सगळं खरं होतं आणि पुरेसं होतं. पण याला कोणीतरी सांगितलं होतं की हुंडा टाकला की पोलीस हलतात. म्हणून त्याने "माहेराहून पाच लाख आण" ही एक ओळ घातली, आणि सासूच्या जोडीला दुसऱ्या गावात राहणारी नणंद पण आरोपी म्हणून घातली. बाईला वाचून दाखवलं, पण भरभर, आणि तिने सही केली, कारण हे लोक आपल्यासाठी करतायत ही भावना होती तिची. अडीच वर्षांनी उलटतपासणी झाली. वकिलाने विचारलं, पाच लाख कधी मागितले, कुठे, कोणासमोर? ती खोटं बोलू शकणारी बाईच नव्हती. ती म्हणाली, पैसे नाही मागितले साहेब. झालं. त्यानंतर तिच्या गळ्यावरच्या वळांचं कोणी ऐकेना. निकालाच्या दिवशी ती मला कोर्टाच्या जिन्यावर म्हणाली, "ताई, जे झालं होतं तेवढंच लिहिलं असतं तर?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, आजही नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी नवीन आलं की मी पहिले काही महिने त्यांना अर्ज लिहूच देत नाही, फक्त ऐकायला बसवते. ज्यांना आजच्या आज केस ठोकायची घाई असते त्यांच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, की ही घाई तुमची असते, बाईची नसते. तिला कदाचित आज फक्त राहायला जागा हवी असेल, मुलाचा शाळेचा दाखला हवा असेल. मी पहिल्या बैठकीत तिच्या शब्दात लिहून घेते, "कधी" आठवत नसेल तर "धाकट्याच्या वेळी सातवा महिना होता तेव्हा" असं लिहिते, पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग हे तीन नीट, बाकी जसे आठवतील तसे. मग दुसऱ्या दिवशी परत वाचून दाखवते, आणि ती "हे असं नव्हतं" म्हणाली की मला बरं वाटतं, कारण आता ती नुसती मान हलवत नाहीये. अर्थात जिवाला धोका असेल तर हे सगळं नंतर, आधी पोलिसांच्या ११२ ला फोन.

ठाण्यातल्या जबाबाचंही तेच. न वाचता सही नाही म्हणजे नाही, कितीही उशीर झाला तरी. "किरकोळ वादातून" हा शब्द त्यात हळूच येऊन बसतो, तो मी दर वेळी शोधते.

आता लैंगिक अत्याचाराबद्दल. इथे सोबतचे लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक म्हणजे "आधी एफआयआर, मग दवाखाना". उलटं आहे. कुठल्याही दवाखान्याने, सरकारी असो की खाजगी, पीडितेला लगेच आणि फुकट उपचार द्यायचेच आहेत, नाकारणं हा गुन्हा आहे. पोलिसांना ते कळवतील, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. गर्भधारणा टाळायची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, त्यामुळे ठाण्याच्या बाकड्यावर गेलेले पाच तास परत येत नाहीत. तपासणी तिच्या संमतीनेच होते, एखाद्या भागाला ती नाही म्हणू शकते आणि तरी उपचार मिळालेच पाहिजेत. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून खराब होतात. आणि दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून केलेली तपासणी) कोणी करायला लागलं तर तिथेच थांबवा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती करणं म्हणजे गैरवर्तन म्हटलंय.

दुसरी चूक, "अंघोळ केली, कपडे धुतले, चार दिवस झाले, अंगावर खूण नाही, आता काय उपयोग" असं म्हणून तिला घरी बसवणं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला तेव्हा अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, या कारणाने १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. देशभर संताप झाला आणि १९८३ ला कायदा बदलला. आज कायद्यात स्पष्ट लिहिलंय की शरीराने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. तेव्हा खूण नाही म्हणून केस नाही, हे सांगणाऱ्या माणसाला सोबत नेऊच नका.

लैंगिक गुन्ह्याची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्यानेच घ्यायची असते आणि बलात्काराच्या गुन्ह्यात जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेता येतो. मागा, बहुतेक वेळा फक्त मागावं लागतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो आणि तिथे कळवणं आपल्यावरही बंधनकारक आहे, "घरातल्या घरात मिटवू" हा पर्यायच नाही.

"नवऱ्याने जबरदस्ती केली, त्याला कायदा नाही" असं सांगून परत पाठवतात. बायको अठराच्या वर असेल तर बलात्काराच्या व्याख्येतून नवऱ्याला अजून सूट आहे हे दुर्दैवाने खरं, पण घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट नावाने आहे, त्यावर संरक्षण आदेश मिळतो. वेगळी राहत असेल तर न्याय संहितेच्या कलम ६७ खाली गुन्हा पण होतो.

"घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुला हक्क नाही" हेही असंच ऐकवतात. २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा तिचं सामायिक घर असू शकतं. मालकी मिळत नाही, पण राहण्याचा हक्क मागता येतो.

पुढची चूक, घरगुती हिंसाचार कायद्याच्या मुख्य अर्जासोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज न जोडणं. कायदा म्हणतो मुख्य अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. त्या काळात ती खाणार काय? वकिलाला आधी हेच विचारा. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. आपल्याकडची, म्हणजे महाराष्ट्रातली, मनोधैर्य ही आर्थिक मदतीची योजना पण तिथूनच चालते, बलात्कार, पॉक्सो आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी. राहायची सोय, समुपदेशन यासाठी महिला हेल्पलाइन १८१ किंवा सखी वन स्टॉप सेंटर.

स्टॅम्प पेपरवर समझोता. गावातली चार मोठी माणसं बसतात, "यापुढे मारणार नाही" लिहितात, खाली तिची पण सही, की "माझी काही तक्रार नाही". तिच्या बाजूने त्या कागदाला कोणी विचारत नाही, पण तिची ती ओळ पुढच्या वेळी पहिली बाहेर येते. नोटरी करून घटस्फोट पण असाच, रूढीचे मोजके अपवाद सोडले तर हिंदू लग्नात घटस्फोट कोर्टच देतं.

ती अजून त्याच घरात असताना नवऱ्याला नोटीस पाठवणं किंवा फोन करून दम देणं. कृपा करून करू नका. बाहेर पडायची वेळ सगळ्यात धोक्याची असते. आधी ती आणि मुलं सुरक्षित जागी, मग कागद.

फोटो, मेसेज. नवीन लोक स्क्रीनशॉट काढतात, आपल्या मोबाइलवर पाठवतात आणि "सेफ झालं" म्हणून तिच्या फोनमधून उडवून टाकतात, नवरा बघेल म्हणून. हेतू चांगला, पण कोर्टात मूळ फोन आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र मागतात. जमलं तर तो फोनच माहेरी ठेवा, तिला साधा दुसरा द्या. नाहीच जमलं आणि उडवावंच लागलं तर जीव आधी, पुरावा नंतर, त्यावरून तिला कधी बोलू नका.

तिचं नाव, गाव, फोटो ग्रुपवर टाकणं. लैंगिक गुन्ह्यात ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि "न्याय मिळावा म्हणून टाकलं" हे कारण चालत नाही.

शेवटी कागदांचं. मी प्रत्येक बाईचे तीन संच करते, एक तिचा, एक माझ्याकडे, एक तिच्या भरवशाच्या माणसाकडे. आधार, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, पासबुक, दवाखान्याचे पेपर, दागिन्यांच्या पावत्या (स्त्रीधन तिचंच असतं, नवऱ्याच्या कपाटात असलं तरी). वरती एक साधा कागद, त्यावर तारीख, कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणाले. त्या कान फुटलेल्या बाईला मी असा कागद दिला होता. आता तारखेला येते तेव्हा तो तिच्याच अक्षरात भरलेला असतो, आणि ठाण्यात कोणी काही लिहून दिलं की सही करायच्या आधी तीच म्हणते, थांबा, आधी वाचते.