एक चाक चिखलात, एक सिमेंटवर: ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेकचा वापर कसा करते

नागपुरात पावसाळ्यात सिमेंट रस्ता सोडून गाडी कडेला उतरवली की हे ठरलेलेच: डावे चाक काळ्या चिखलात, उजवे सिमेंटवर. ऍक्सिलरेटर दिला की डावे जागीच गरगरते आणि चांगली पकड असलेले उजवे हलतही नाही. कारण साधा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो. घसरणारे चाक जेवढा पेलेल, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके जागीच गरगरू न देणारी यंत्रणा, अशा वेळी फक्त गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक लावते. त्या बाजूला विरोध वाढला की डिफरन्शियल तेवढाच टॉर्क सिमेंटवरच्या चाकालाही देतो, आणि गाडी निघते.

आपला पाय ब्रेकवर नसताना दाब येतो तो एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधून. नुसते एबीएस असेल तर सहसा आठ व्हॉल्व्ह असतात, प्रत्येक चाकाला दोन. ईएससी (गाडी घसरून भरकटू न देणारी यंत्रणा) असलेल्या युनिटमध्ये आणखी चार येतात: दोन मास्टर सिलिंडरकडची (पॅडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या भागाकडची) वाट बंद करतात आणि दोन पंपाला ब्रेक ऑइल ओढू देतात. पंप दाब तयार करतो आणि ज्या चाकाला ब्रेक नको त्याचा इनलेट व्हॉल्व्ह बंद राहतो. बोनेटखालून येणारी घरघर याच पंपाची असते; ती ऐकून घाबरू नका.

सोबत इंजिनचा टॉर्कही कमी केला जातो. वेग कमी असताना ब्रेकचा वापर जास्त होतो. वेग वाढला की मुख्यतः इंजिनच आवरले जाते, कारण एकाच चाकाला जोरात ब्रेक लागला तर गाडी एका बाजूला ओढली जाते.

गाडी फसली तर स्टिअरिंग सरळ करा, ऍक्सिलरेटर हलका पण स्थिर धरा आणि दोन-तीन सेकंद थांबा. बहुतेकांचे इथेच चुकते: डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला की पाय काढतात, आणि ब्रेकला काम करायची संधीच मिळत नाही. दोन्ही ड्राइव्ह चाके (इंजिन फिरवते ती) चिखलात असतील तर मात्र टॉर्क पाठवायला चांगले चाकच उरत नाही. इंजिन दबून गाडी जागीच राहत असेल तर बटणाने ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा आणि रस्त्यावर येताच पुन्हा चालू करा. बराच वेळ झगडल्यावर डिस्क तापते. काही गाड्या तिच्या तापमानाचा अंदाज घेऊन हा ब्रेक काही काळ बंद ठेवतात. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. गाडी उभी करून थंड होऊ द्या.

लुकलुकणारा दिवा म्हणजे काम चालू आहे. बटण दाबलेले नसताना तो कायम पेटून राहिला तर बिघाड. आधी टायर पाहा: चारही एकाच मापाचे आहेत का, हवा बरोबर आहे का? लहान मापाची स्टेपनी लावली तरी ते चाक जास्त वेगाने फिरते आणि युनिट गोंधळते. मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे तपासणी यंत्र) लावून सरळ रस्त्यावर २० च्या वेगाने चारही चाकांच्या वेगाचे आकडे बघा. एखादे शून्य दाखवत असेल किंवा उड्या मारत असेल, तर त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर तपासा. काळी माती वाळली की दगडासारखी घट्ट होते, म्हणून सेन्सरभोवतीचा थर आधी धुऊन काढा. नुकतेच बेअरिंग बदलले असेल तर ते उलटे बसले नाही ना, हे पाहा. मॅग्नेटिक रिंग असलेली बाजू सेन्सरकडेच हवी, नाहीतर सिग्नल येतच नाही. ब्रेक लाइटचा स्विच अडकला तरी दिवा पेटू शकतो: युनिटला वाटते की ड्रायव्हर ब्रेक दाबतोय.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर मानकाची ही मर्यादा १५५ वर येते. दर दोन वर्षांनी ते बदला. युनिटमध्ये हवा अडकली असेल तर नुसते पॅडल मारून ती निघत नाही. स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवूनच ब्लीडिंग करावे लागते.