आडहंगामात कळसूबाईला निघालात? या चुका टाळा

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालता येत नाही. ४२-४३ अंश आपण दरवर्षी काढतो, मग एप्रिल-मेमध्ये कळसूबाई का नको, हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्ये दर सुट्टीला निघतो. जायला हरकत नाही, मीही गेलो आहे. पण इथल्या सवयी तशाच्या तशा डोंगरावर नेल्या की घात होतो, आणि तो उन्हापेक्षा वळवाच्या पावसाने जास्त होतो.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाताना जाकीट घरी ठेवलं आणि जाड सोलापुरी चादर सॅकला बांधली. मेमध्ये गारठा कसला, असं वाटलं होतं. संध्याकाळी गारांसह पाऊस आला. चादर चिंब भिजून दगडासारखी जड झाली आणि रात्रभर वाऱ्यात माझे दात वाजत होते. आपली चादर सुती आहे. सुती कापड ओलं झालं की ऊब देत नाही, अंगातली ऊबच ओढून घेतं. जीन्सचंही तेच. चादर गाडीत ठेवा, परतीच्या प्रवासात कामाला येईल. अंगावर लवकर वाळणारा टी-शर्ट, सॅकमध्ये हलकं रेनजाकीट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड हवाच. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तर कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. त्यात ओले कपडे आणि वारा.

कुणी थरथर कापायला लागला, बोलताना जीभ अडखळू लागली, हाताने जाकिटाची चेन ओढता येईना, तर त्याला तसाच चालवत नेऊ नका. आधी आडोसा, मग ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, गोड खायला द्या.

यापेक्षा मोठी चूक वेळेची. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग फुटतात. म्हणून वळीव बहुतेक वेळा तीननंतर गाठतो. आता आपला प्रवास पाहा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून पहाटे कल्याण, तिथून कसारा लोकल, पुढे जीप. बारी गावात पोचायला नऊ-दहा वाजतात. चढायला तीन-चार तास धरले तर नेमके धोक्याच्या वेळी आपण माथ्यावर किंवा लोखंडी शिड्यांवर असतो. एक दिवस आधी निघा, बारीत मुक्काम करा, पहाटे पाचला चढायला लागा आणि दुपारी एकपर्यंत खाली या.

सोलापूरच्या सपाट रानात आभाळ कुठून भरून येतंय ते कोसभर लांबून दिसतं. डोंगरात पलीकडच्या अंगाला वाढलेला ढग डोक्यावर आल्यावरच कळतो. म्हणून कान उघडे ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर शिखराचा विचार सोडून उतरायला लागा. शिडी, रेलिंग, एकटं झाड यांच्याजवळ थांबू नका. माथ्यावरचं लहानसं देऊळ पावसाचा आडोसा असेल, विजेचा नाही. उतरायला वेळच उरला नसेल, तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

अंदाज पाहतानाही गल्लत होते. अहिल्यानगर जिल्ह्याचा अंदाज कोपरगावच्या सपाटीला आणि कळसूबाई असलेल्या अकोले तालुक्याच्या डोंगराला एकच. कळसूबाई नाशिकच्या हद्दीला लागून आहे, तेव्हा हवामान खात्याचा दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा. चढायच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज पाहा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, पण रेंज नसेल तिथे त्याच्या भरवशावर राहू नका.

पाणी. नवरात्रात इथे यात्रा असते, पावसाळ्यात शनिवार-रविवारी वाटेवर लिंबू-सरबत मिळतं. मेच्या बुधवारी कुणीही नसेल, असंच धरून चाला. माणशी चार लिटर घ्या. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकायला उत्तम, पण कोरडी असल्याने पाणी मागते. सोबत कांदा, काकडी, गूळ ठेवा. पायात गोळे आले तर सावलीत बसून ओआरएसचं पाणी घोटघोट प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलं, तर ती उष्माघाताची खूण. ओलं फडकं अंगावर टाकून वारा घाला आणि ११२ ला फोन लावा.

अत्तर, डिओ लावून जाऊ नका, आणि कड्याखाली शेकोटी तर नकोच. आग्यामोहोळ उठलं की पळायलाही जागा नसते.

‘एवढ्या लांबून आलोय, आता माथा गाठायचाच’ हे वाक्य मात्र सर्वांत घातक. साडेतीनशे-चारशे किलोमीटर आलेल्या माणसाला मागे फिरणं अवघड जातं, मला दोनदा गेलं. म्हणून किती वाजता परतायचं ते घरातूनच ठरवून निघा. गटातला एक जण जरी ‘नको’ म्हणाला, तरी सगळ्यांनी उतरायचं हेही.

स्वतःची गाडी नेली असेल, तर उतरल्यावर लगेच सोलापूरकडे निघू नका. पहाटे पाचला उठून डोंगर चढलेला ड्रायव्हर करमाळा-टेंभुर्णीच्या सरळ रस्त्यावर रात्री डुलक्या घेतो. राजूरला किंवा भंडारदऱ्याला झोपा, सकाळी चहा घेऊन निघा.